वाळूवरचं वळण

आशा गेली अकरा वर्षं आडगावजवळच्या एका मैदानावर बायकांना स्कूटर शिकवत होती. प्रशिक्षण केंद्र खंडेरावांचं. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. यंदा भाऊंनी एक स्पोर्ट्स बाईक आणली आणि सांगून टाकलं, आता मोठ्या गाड्यांचीही बॅच सुरू करायची.

ती गाडी सरळ पळवणं कुणालाही जमायचं. हळू वळवायला गेलं की मात्र ती हट्टाला पेटायची. हँडल जेमतेम वळणार, वजन सगळं पुढे. अरुंद जागेत फिरवली की आडवीच. केंद्रातल्या पुरुषांनी दोन दिवसांत तिचा नाद सोडला. आशाने सोडला नाही. दोन महिने रोज सकाळी सहाला येऊन ती पडली, उठली, नडग्या सोलून घेतल्या. क्लच अर्धा, मागचा ब्रेक हलकासा दाबलेला, गाडी आत झुकवायची पण आपलं अंग बाहेर ठेवायचं, आणि नजर जिथं जायचंय तिथं. एक दिवस गाडी एवढ्याशा जागेत गिरकी घेऊन परत आली, तेव्हा बघायला मैदानावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

मग भाऊ म्हणाले, "आमच्या योगेशलाही शिकवा." योगेश त्यांचा पुतण्या, चोवीस वर्षांचा, 'ताई, ताई' करत मागे फिरणारा. तिने हातचं काही न राखता शिकवलं.

उद्घाटनाच्या दिवशी ती आली, तर फाटकावर फ्लेक्स. योगेशचा हसरा फोटो, खाली ठळक अक्षरांत 'मुख्य प्रशिक्षक'.

"भाऊ, हे काय?"

"अहो ताई, मोठी गाडी बाई शिकवते म्हटल्यावर पोरं येतील का? आणि तुमच्या स्कूटरी आहेतच की."

ती वळली. मैदानाच्या टोकाला गेली. शेजारच्या बांधकामाची वाळू रात्रीतून उडून शेवटच्या वळणावर पसरायची. रोज सरावाआधी आशाच ती झाडून घ्यायची. आजही पातळ थर होता, दुरून दिसणार नाही असा. खराटा भिंतीला टेकून उभा होता.

'मुख्य प्रशिक्षकाने बघावं,' ती मनाशी म्हणाली आणि पाहुण्यांच्या खुर्च्या लावायला निघून गेली.

योगेशने पहिली तीन वळणं सुरेख घेतली. टाळ्या पडल्या. चौथ्या, शेवटच्या वळणाला मागचं चाक सरकलं, घाबरून त्याने पुढचा ब्रेक आवळला आणि गाडी त्याच्या पायावर कोसळली. हाड मोडल्याचा आवाज पहिल्या रांगेत ऐकू गेला.

चौघांनी गाडी उचलली. भाऊ आशावर ओरडणार, तेवढ्यात योगेशच कण्हत म्हणाला, "ताईंना बोलू नका. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक धरायचा नाही, त्यांनी शंभरदा सांगितलंय. मीच चुकलो."

संध्याकाळी भाऊंचा फोन आला. "बॅच रद्द करता येणार नाही. उद्यापासून तुम्हीच घ्या."

"बरं," आशा म्हणाली. हेच तर तिला हवं होतं.

चार दिवसांनी सगळं सांगून टाकायचं ठरवून ती योगेशच्या घरी गेली. मांडीपर्यंत प्लास्टर. डॉक्टरांनी पायात सळई घातली होती. तिला बघून पोराचा चेहरा खुलला.

"ताई, खरं सांगा. पहिली तीन बरोबर होती ना?"

"बरोबर होती."

"मग चौथ्याला नेमकं काय झालं?"

आशाने तोंड उघडलं. तेवढ्यात योगेशची आई लताबाई चहा घेऊन आल्या. "तुमच्यासारखी शिकवणारी मिळाली म्हणून डोकं तरी वाचलं त्याचं," त्या म्हणाल्या. "बरा झाला की पुन्हा तुमच्याकडेच पाठवते."

"होतं असं कधीकधी," आशा म्हणाली आणि कप हातात घेतला. चहा गोड होता. तिने तो शेवटच्या घोटापर्यंत संपवला, कारण तो संपेपर्यंत बोलावं लागणार नव्हतं.