मुका डबा

मले राग येते. हे आधीच सांगून ठेवतो, मागून कोणी म्हणू नये का रूपराव उगाच बोंबलते. बावीस वर्षं झाले, नालवाडीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवून राह्यलो. लोक म्हणतात माणूस कामाचा आहे, पण तोंडाचा फाटका. असो. पण त्या आठवड्यात जो राग आला, तसा जिंदगीत कधी आला नवता.

राग अपेक्षापायी होता. अपेक्षावर नाई, अपेक्षापायी. माझ्या लहान्या भावाची, निकेशची ही पोरगी. जन्मापासून तिले दिसत नाई. पण एकदा ऐकलं का विसरत नाई, अन् बोलायले लागली का समोरचा गप बसते. यंदा बारावीले आहे.

दहावीले तिले लेखनिक देल्ली होती. म्हणजे हिनं सांगायचं अन् नववीतल्या एका पोरीनं लिहायचं. मराठीच्या पेपरात निबंध आला, ‘माझा परिसर’. अपेक्षानं पुरे दोन पानं सांगतले. माझ्या दुकानातले आवाज, पंख्याची घरघर, अन् गिऱ्हाईकाच्या चपलेवरून माणूस कसा ओळखायचा ते. निकाल लागला तं मराठीतच मार्क कमी. मंग आम्ही उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली अन् म्याच तिले वाचून दाखवली. निबंध आठ ओळीचा! ‘माझा परिसर छान आहे. परिसरात झाडे आहेत. झाडे आपल्याला सावली देतात.’ हात दुखला असन त्या पोरीचा, छाटून टाकला सारा.

अपेक्षा ऐकत होती. रडली नाई, काई नाई. "मोठेबाबा, हे माझं नाई," इतकंच म्हणाली.

त्या दिवसापासून माझ्या पोटात जाळ आहे.

यंदा ती म्हणाली, मले लेखनिक नको, मी कॉम्प्युटरवर स्वतः लिहीन. मराठीचा कीबोर्ड तिच्या बोटात बसला आहे, माझ्यापेक्षाही जोरात टाइप करते. मी तिच्यासंगं कॉलेजात गेलो. प्राचार्य नरहर सर माणूस गोड, पण अशा गोड माणसाईचाच मले जास्त राग येते. म्हणाले, "नियमात बसतं हो रूपराव. पण फोन चालणार नाही, इंटरनेट चालणार नाही. मशीन परीक्षा होईपर्यंत कॉलेजच्या कुलपात राहील. अर्ज शनिवारी दुपारी बारापर्यंत जायला हवा. त्याआधी माझ्यासमोर तिनं लिहायचं आणि मशीननं वाचून दाखवायचं. नाही जमलं तर लेखनिक आहेच की. मुलीची दगदग कशाला?"

दगदग म्हणे! दहावीले तुमच्यासारख्याईनंच वाचवली न दगदग. आठ ओळीत पोरगी गुंडाळून देल्ली.

दुकानात चालती मशीन एकच, तिच्यावर माझं पोट. ती दोन महिने कुलपात देल्ली तं खाऊ काय? बाकी साऱ्या गिऱ्हाईकाच्या. कोपऱ्यात कॉम्प्युटरचा एक डबा होता, एका ऑफिसच्या लिलावातून घेतलेला, पंधरा वर्षं जुना, पण चालू. त्याच्यावर नवी विंडोज टाकायले गेलो तं पडद्यावर सूचना आली, या संगणकावर चालणार नाई. अबे, मशीन चांगली धडधडून राह्यली अन् तू म्हणतं चालणार नाई? काई खराब नाई, काई तुटलं नाई, फक्त जुनी आहे. म्हाताऱ्या माणसाले घराबाहेर काढल्यासारखं करतात हे लोक.

म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स. फुकट मिळते, जुन्या मशीनीले हाकलत नाई, अन् त्यात पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज असते. मराठीतही वाचते. नाकात बोलल्यासारखी मराठी, पण मराठी.

मंगळवारी काम सुरू केलं. माझी एक रीत आहे. कोणत्याही मशीनले हात लावायच्या आधी तिच्यावर केळझरच्या गणपतीचा फोटो चिकटवतो. लॅमिनेशन केलेले फोटो गठ्ठ्यानं आणून ठेवले आहेत. नालवाडीत कोणाच्याही घरच्या डब्यावर केळझरचा गणपती दिसला तं समजून जा, रूपरावचा हात लागला. हा डबा होता बुटका, पुढं जागाच नाई. एका बाजूले बटण, मधात डीव्हीडीचं तोंड, अन् खाली बारीक भोकं. म्या म्हटलं हवा तं मागून निघते, ही भोकं शोभेची. दोन्हीकडून चिकटणारी पट्टी पुरी मागं लावून बाप्पाले तिथं बसवलं, चांगला दाबून. हात जोडले अन् लिनक्स भरलेली पेन ड्राइव्ह लावली.

पेन ड्राइव्ह त्या डब्याले दिसेचना! इतकी जुनी मशीन, पेन ड्राइव्हवरून चालू होणं तिले माहीतच नाई. बुधवारचा अर्धा दिवस डीव्हीडी शोधण्यात गेला. तिच्यावर लिनक्स उतरवता उतरवता पाच डीव्हीड्या खराब झाल्या. सहावी चालली. सारा वेळ मी बोलून राह्यलो होतो, कोणाले काय ते विचारू नका. डीव्हीडी बनवणाऱ्याले, मशीन बनवणाऱ्याले, त्या ऑफिसवाल्याले. अपेक्षा कॉलेज करून दुपारी यायची, टेबलाजवळ उभी राहायची.

बुधवारी संध्याकाळी लिनक्स बसलं. पण पडदा! चित्र मोठ्ठं फुगलेलं, खालची पट्टी पडद्याबाहेर. त्या जुन्या ग्राफिक्सच्या चिपले बरोबर ड्रायव्हर पाहिजे, म्हणजे मशीनशी कसं बोलायचं हे लिनक्सले सांगणारा प्रोग्राम. गुरुवारी सकाळी सातपासून त्याच्या मागं लागलो. एक टाकला, पडदा काळा. दुसरा टाकला, पडदा हिरवा. जेवायले बायको बोलवायले आली तं तिच्यावर खेकसलो. "अनुसया, इथं पडदा दिसून नाई राह्यला अन् तुले भाकरीची पडली!" ती जेवणाचा डबा ठेवून चालली गेली.

दुपारी तीनले चित्र बरोबर बसलं. म्या अपेक्षाले म्हटलं, "पाय, झाला का नाई पडदा!"

ती म्हणाली, "मोठेबाबा, पडद्याचं मले काय करायचं?"

काय सांगू. पुरा एक दिवस गेला होता, चारापैकी एक. जिच्यासाठी करून राह्यलो तिले पडदा लागतच नाई, अन् मी पडद्याच्या मागं. तोंडाले कुलूप लागायले पाहिजे होतं तवा. पण नाई. उलट मले तिचाच राग आला. म्हटलं, "मंग आधी काऊन नाई सांगतलं?"

"तुम्ही सांगू देल्लं कवा?" ती म्हणाली.

मंग आवाज. मागच्या हिरव्या भोकात स्पीकरची पिन घातली. वाचणारा प्रोग्राम चालू केला. काई नाई. पडद्यावर आवाजाची पट्टी खालीवर उड्या मारून राह्यली, म्हणजे मशीन बोलून राह्यली, अन् स्पीकर मुका! स्पीकर बदलला. वायर बदलली. हेडफोन लावले. शुक्रवारी सकाळी साउंडचे ड्रायव्हर बदलायले लागलो. तीनदा लिनक्स काढलं, तीनदा टाकलं. दुकानात कूलर सुरू, पंखा सुरू, रस्त्यावर टिप्पर, अन् सगळ्याच्या वर मी. "भंगार आहे सारं! फुकटचं म्हणजे असंच! लेकाच्याईनं जुना आवाज चालत नाई तं आधी सांगायचं न!"

दुपारी अपेक्षा म्हणाली, "मोठेबाबा, मी पाहू का जरा?"

"तू काय पाहशीन वं?" मी म्हणालो. "तिकडं स्टुलावर बस, दाराजवळ. माझ्या हातात वायर आहेत."

ती गेली अन् दाराजवळ बसली. मले त्यावेळेस काईच वाटलं नाई. हे लिहून ठेवतो, कारण हे माझ्या तोंडूनच गेलं. नरहर सरही नाई बोलले तिले असं.

शनिवार उजाडला. अपेक्षा सकाळीच येऊन दाराजवळच्या स्टुलावर बसली. दहा वाजले, मशीन मुकीच. साडेदहाले म्या स्क्रूड्रायव्हर आपटला. "झालं! संपलं! जा आता, सांग तुझ्या सरले, पाठवा म्हणा लेखनिक! त्याईचंच खरं झालं!" हा राग तिच्यावर नवता, पण दुकानात तीच होती ऐकायले.

तेवढ्यात लाइट गेली.

कूलर थांबला, पंखा थांबला. मशीन यूपीएसवर सुरू होती, दहा मिनिटाचा जीव. मी लाइटवाल्याच्या नावानं तोंड उघडलं, अन् दारातून आवाज आला.

"चूप राहा!"

अपेक्षाच्या तोंडून असं मी कधी ऐकलं नवतं. मोठेबाबाले चूप! अठरा वर्षांत पोरगी माझ्यापुढं आवाज चढवून बोलली नाई. मी तसाच तोंड उघडं ठेवून उभा राह्यलो. ती स्टुलावरून उठली, हातानं टेबल शोधलं, खाली बसली, अन् कान डब्याले लावला. पुढून, गणपतीजवळ.

"आत बोलून राह्यलं," ती म्हणाली.

"कोण?"

"मशीन. ऐका न. ‘दस्तऐवज रिकामा आहे’ म्हणते."

मी गुडघ्यावर बसलो. कान लावला. खरंच, गादीखाली दाबल्यासारखा आवाज, नाकातला, मराठी. कवापासून बोलत असन बिचारी! तिचं बोट फोटोच्या कडेवरून फिरलं. "मोठेबाबा, इथं भोकं आहेत न मागं? फोटो काढा. बाप्पाले वर बसवा."

बाप्पाले नखानं खरवडायचं माझ्यानं होईना. तिनंच काढला. फट्कन निघाला, अन् पट्टी निघताबरोबर सारं दुकान भरून आवाज आला. ‘दस्तऐवज रिकामा आहे.’

आता कळलं तुम्हाले? मागचं हिरवं भोक गंजलं होतं. पिन घातली तरी मशीनले समजेना का पिन आहे. म्हणून ती आवाज आपल्या पोटातल्या स्पीकरले देऊन राह्यली होती. त्या जुन्या ऑफिसच्या डब्यात एक लहानसा स्पीकर पुढं असते, भोकाच्या मागं. लिनक्सनं आवाज पहिल्याच दिवशी ओळखला होता. ड्रायव्हर बरोबर होता, चिप बरोबर होती. म्याच मंगळवारी तिच्या तोंडावर फोटो चिकटवला अन् गुरुवारपासून तिच्या अंगावर ओरडलो, बोलत काऊन नाई म्हणून. अन् ज्या पोरीले एका मिनिटात ऐकू आलं असतं, तिले म्या दाराजवळ बसवलं.

लाज वाटली. रागापेक्षा मोठी लाज. "अपेक्षा," म्या म्हटलं.

"नंतर, मोठेबाबा," ती म्हणाली. "अकरा वाजून राह्यले. ऑटो बोलवा."

साडेअकराले आम्ही प्राचार्यांच्या खोलीत. मशीन टेबलावर, अपेक्षा समोर. नरहर सर घड्याळाकडं पाहून राह्यले होते. मशीन सुरू झाली अन् बोलायले लागली तं त्याईनं कपाळाले आठ्या घातल्या.

"उच्चार अगदीच यांत्रिक आहे हो, रूपराव. परीक्षेच्या गडबडीत मुलीला समजेल का हे? मी अजूनही म्हणतो, लेखनिक हा सोयीचा मार्ग..."

आलं न माझ्या तोंडाशी! पुरे दोन वर्षांचं आलं. आठ ओळी, झाडं, सावली, सगळं. हात टेबलावर आपटायले उचलला होता म्या. मंग अपेक्षाकडं पाह्यलं. तिनं डोकं जरासं वळवलं होतं, मशीनकडं कान करून, जसा सकाळी केलता. म्या हात खाली घेतला अन् दात दाबून गप बसलो. देवाशपथ, इतकं जड काम मी बावीस वर्षांत केलं नाई.

तिनं टाइप केलं. दहा बोटं, थांबली नाई. मंग मशीनले वाचायले लावलं. नाकातल्या आवाजात, एकसुरी, मशीन वाचायले लागली.

‘माझा परिसर. माझा परिसर आवाजांचा आहे. मोठेबाबांच्या दुकानात पंखा घरघरतो. येणारा माणूस चपलेवरून कळतो. ज्याची मशीन बिघडली, तो टाच टेकवत नाही, घाईत असतो. माझे मोठेबाबा आधी ओरडतात, मग चप्पल काढतात. पण माझ्यासाठी ओरडणारं त्यांच्याशिवाय कोणी नाही.’

पुढंही बरंच होतं. दहावीचाच निबंध, तिले तो शब्दन् शब्द पाठ होता. नरहर सरनं पेन काढला, अर्ज ओढला अन् सही केली. माझ्याकडं पाह्यलं नाई.

मी डोळे पुसून राह्यलो होतो, ते अपेक्षाले दिसलं नाई. पण ऐकू आलं असन, तिले सगळं ऐकू येते. तिनं मशीनले शेवटपर्यंत वाचू देल्लं, एक ओळ सोडली नाई. मंग मान हलवली.

"हो," ती म्हणाली. "हे माझं आहे."