चौथा जिना

गळ्यात शिट्टी नसताना तिला स्टेडियमवर कोणी पाहिलंच नव्हतं, म्हणून लहानथोर सगळे तिला शिट्टीबाई म्हणत. बावीस फाटकं, आठ जिने आणि दोनशे स्वयंसेवक तिच्या हाताखाली. स्पर्धा दोन देशांनी मिळून भरवलेली होती. निम्मे सामने इकडे, निम्मे सीमेपलीकडे. उपांत्य सामना इकडे, अंतिम तिकडे. दोन्हीकडची स्टेडियमंसुद्धा एकाच नकाशावरून बांधलेली, अगदी विटेला वीट.

दर सोमवारी सकाळी दोन्ही देशांची पडद्यावर बैठक व्हायची. विषय एकच: गेल्या आठवड्यात आपण काय शिकलो? शिकायची हौस कोणाला होती म्हणा! पलीकडचे म्हणायचे, आमचं सगळं सुरळीत. इकडचे म्हणायचे, आमचंही. दुभाषीबाईंना सहा आठवडे दोन वाक्यांचाच पगार मिळत होता. बैठक संपली की शिट्टीबाईचे साहेब खुर्चीत रेलून म्हणायचे, "झाकली मूठ सव्वा लाखाची." पलीकडचे साहेबही त्यांच्या भाषेत तेच म्हणत असणार, याबद्दल शिट्टीबाईला शंका नव्हती.

उपांत्य सामना बुधवारी झाला. माणसं भरभर घरी जावीत म्हणून शिट्टीबाईने चौथ्या जिन्याची वरची आणि मधली, दोन्ही फाटकं एकदम उघडायला सांगितली. हेतू चांगलाच होता. जिना वळणावर अरुंद होतो हे तिला माहीत होतं, पण दोन मजल्यांची माणसं त्या वळणावर एकाच वेळी पोचतील हे काही तिच्या डोक्यात आलं नाही. वळणावर तिची धाकटी जाऊ उभी होती, 'सावकाश उतरा' अशी पाटी घेऊन. ही नोकरीही तिला शिट्टीबाईनेच लावून दिली होती. लोंढ्याने तिला कठड्यावर दाबलं आणि तिचा गुडघा मोडला. शिट्टीबाईने धावत जाऊन मधलं फाटक ओढून घेतलं, म्हणून तेवढ्यावर निभावलं.

साहेबांनी नोंदवहीत लिहिलं: एक कर्मचारी पाय घसरून पडली.

"साहेब, ती घसरली नाही. चेंगरली."

"बाई, आपले सामने संपले. गंगेत घोडं न्हालं. आता नसती आफत कशाला ओढवून घेता?"

"अकरा दिवसांनी तिकडे अंतिम सामना आहे. तिकडेही हाच जिना आहे."

"त्यांचं ते बघतील." साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "आणि तुमच्या पुढच्या नेमणुकीचा कागद माझ्याच टेबलावर आहे, तेवढं लक्षात असू द्या."

इस्पितळात जाऊ पाय उंचावर टांगून पडली होती. "मीपण घसरले असंच सांगितलंय," ती म्हणाली. "तुम्ही गप्प बसा, ताई. दोघी घरी बसलो तर खायचं काय?"

"आणि तुझा गुडघा?"

"तुम्ही बोललात म्हणून तो जुळणार आहे का?"

जुळणार नव्हता. डॉक्टरांनी तसं स्पष्टच सांगितलं होतं. पहिल्यासारखं चालणं आता विसरायचं. शिट्टीबाई इस्पितळाच्या जिन्यात जाऊन रडली, आणि रडता रडताच तिला स्वतःचा भयंकर राग आला. अकरा दिवसांनी पलीकडच्या जिन्याच्या वळणावर कोणाची तरी जाऊ पाटी घेऊन उभी राहणार होती.

सोमवारी बैठक सुरू झाली. पलीकडे नेहमीप्रमाणे त्यांचा फाटकप्रमुख बसला होता, दाढीवाला, मान डोलावण्यापलीकडे कधी काही न केलेला. साहेब म्हणाले, "आमचं सगळं..." आणि शिट्टीबाईने माइक स्वतःकडे ओढला. तो बंद करायला साहेबांचा हात पुढे आला. तिने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. हात मागे गेला.

"सगळं सुरळीत नाही," ती म्हणाली. "बुधवारी चौथ्या जिन्यावर माणसं चेंगरली. दोन्ही फाटकं एकदम उघडायचा हुकूम माझा होता. माझ्या जावेचा गुडघा गेला. तुमचा जिना तोच आहे, म्हणून सांगतेय."

दुभाषीबाईंनी भाषांतर केलं. दाढीवाला खाली मान घालून बोलायला लागला, आणि दुभाषीबाई एकेक वाक्य उलगडून सांगू लागल्या.

"ते म्हणतात, आमच्याकडेही झालं होतं. तोच जिना, तेच वळण. पाच आठवड्यांपूर्वी. एका पोरीच्या तीन बरगड्या मोडल्या. आम्ही लिहिलं, घसरून पडली."

पाच आठवडे! पाच सोमवार हा माणूस तिच्यासमोर बसून मान डोलावत होता. शिट्टीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती?"

याचं भाषांतर दुभाषीबाईंनी कसं केलं कोण जाणे, पण उत्तर आलं. "ते म्हणतात, तुम्हीही कधी काही सांगितलं नाहीत. आम्हाला वाटलं, तुमच्याकडे चुका होतच नाहीत."

शिट्टीबाईच्या ओठांवर आलेली शिवी तिथेच थांबली. तिसऱ्या सामन्याला तिच्या नवव्या फाटकाची कडी अडकली होती आणि शंभरेक माणसं वीस मिनिटं आत कोंडली होती. त्यानंतरच्या सोमवारी तिनेही मानच डोलावली होती.

"नकाशा काढा," ती म्हणाली. "आणि लिहून घ्या."

त्या दिवशी बैठक चार तास चालली. आधी वरचं फाटक. ती माणसं खाली पोचेपर्यंत मधलं उघडायचं नाही. वळणावर कोणालाही उभं करायचं नाही. तिने कडीचंही सांगितलं. त्यावर दाढीवाल्याने त्यांच्या दोन बिघडलेल्या दिव्यांचं सांगितलं. साहेब मधेच उठून गेले. शुक्रवारी शिट्टीबाईची नेमणूक साहेबांच्या पुतण्याला मिळाली.

अंतिम सामना दुपारी होता. घरी दोघी जावा टीव्हीसमोर बसल्या. कोण जिंकलं याकडे शिट्टीबाईचं लक्ष नव्हतं. टीव्हीवाले गोल दाखवत होते, चषक दाखवत होते, कप्तानाची आई दाखवत होते. जिना कोणी दाखवेना. सामना संपून तासभर झाल्यावर फोनवर दुभाषीबाईंचा निरोप आला: चौथा जिना रिकामा झाला. सगळे आपल्या पायांनी घरी गेले.

जावेने तो दोनदा वाचला. "म्हणजे माझा गुडघा कामी आला म्हणायचा," ती हसत म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

"गुडघा नाही गं," शिट्टीबाई म्हणाली. "कामी आलं ते बोलणं. त्या कडीचं मी तेव्हाच बोलले असते, तर त्यांनी जिन्याचं सांगितलं असतं, आणि आज तू चालत असतीस."

जावेने तिच्याकडे पाहिलं आणि टीव्ही बंद केला.

"पुढची स्पर्धा कुठल्या देशांत आहे?" तिने विचारलं. "त्यांचा पत्ता शोधा, ताई. त्यांना आजच लिहा."