बारावी घटका

देवाजी माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वाईट माणसाला असल्या गोष्टीचं काही वाटत नाही. तो जेवतो, ढेकर देतो नि आडवा होतो. देवाजीला मात्र वच्छलाच्या लग्नानंतर कित्येक महिने घास गोड लागला नाही, आणि त्याची बायको सिंधुताई म्हणत राहिली की तुमच्या पोटात काहीतरी आहे, डॉक्टरला दाखवा. पोटात होतं खरं, पण ते डॉक्टरला दिसणारं नव्हतं.

तिरोड्याकडचा हा माणूस सत्तावन्न साली भिलाईला आला तेव्हा इथं मुरूम आणि पळसाची झुडपं, दुसरं काही नाही. आधी घमेली वाहिली, मग जड लोखंड हलवणाऱ्या खलाशांच्या टोळीत लागला, आणि एकसष्ट साली तो पोलाद कारखान्याच्या भंगार यार्डात क्रेनखाली उभा राहून इशारे देत होता. ती क्रेन साधी नव्हती. तिला आकडा नाही, साखळदंड नाही. बैलगाडीच्या चाकाएवढी एक लोखंडी तबकडी खाली यायची, वरचा माणूस बटण दाबायचा, आणि दहा माणसांना हलणार नाही एवढं लोखंड त्या चुंबकाला चिकटून वर जायचं. खुर्सीपार वसाहतीतल्या घरी आलं की देवाजीच्या तोंडी तेच पुराण.

"मानसाच्या हातात चूक असते," तो म्हणायचा. "मशीनच्या हातात चूक नसते."

"नळाले पानी येते ते बरं हाय," सिंधुताई चुलीत फुंकर घालत म्हणायची. "पन ते त्याच्या टायमाले येते, माह्या टायमाले नाही. आपली गावची विहीर कधी म्हनली का, आता नोको येऊ?"

"तुले समजत नाही."

"मले नाही समजत, पन हंडा मलेच भरा लागते."

असं चालायचं. त्यात वच्छलाचं लग्न ठरलं. वच्छला देवाजीच्या बहिणीची पोर. बहीण गयाबाई पोरगी चार वर्षांची असताना गेली, तेव्हापासून मामाच्याच घरी वाढलेली. स्थळ मिळालं ते रेल्वेतलं. मुलगा शेषराव दुर्ग स्टेशनात रूळ बदलणारा पॉइंट्समन, त्याचे वडील गुलाबराव मालगाडीवर गार्ड. नागपूरकडची माणसं, बोलायला गोड. पण मुलाची आई सत्यभामाबाई मोठी नेमाधर्माची. तिनं बोलणी होतानाच सांगून ठेवलं होतं, बाकी काही कमीजास्त झालं तर चालेल, मुहूर्त चुकता कामा नये. मुहूर्त निघाला सकाळी दहा सदतीसचा.

लग्न लावायला भटजी दुर्गचे, पण वेळ धरायला गावाहून कवडूबुवाला बोलवायचं, हा सिंधुताईचा हट्ट. गयाबाईच्या लग्नालाही तोच बसला होता. या कवडूबुवाला शेती नव्हती, मूलबाळ नव्हतं. त्याच्याजवळ होती एक तांब्याची वाटी. बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. सूर्य उगवला की घंगाळातल्या पाण्यावर ती वाटी सोडायची. भोकातून पाणी चढत चढत वाटी बुडाली की एक घटका झाली, म्हणजे चोवीस मिनिटं. पाटावर कुंकवाची एक रेघ ओढायची, वाटी पुसायची, परत सोडायची. आसपासच्या सात गावांत बुवाची वाटी तेराव्यांदा बुडाली म्हटलं की तेरा घटका झाल्या, त्यावर कुणी ब्र काढत नव्हतं. म्हाताऱ्याला लग्नात पहिलं पान मिळायचं, आणि त्या पानावरच तो सत्तरीपर्यंत ताठ मानेनं जगला.

देवाजीला हे पसंत नव्हतं. रेल्वेतली माणसं येणार, ती काय म्हणतील? पातेल्यात वाटी सोडून बसलेला म्हातारा पाहून हसतील की नाही? म्हणून त्यानं लग्नासाठी म्हणून मनगटी घड्याळ घेतलं. आयुष्यातलं पहिलं. आदल्या दिवशीच्या पाळीत ते मुद्दाम हाताला बांधून गेला, दोन वाजताच्या भोंग्यावर काटे लावले, आणि क्रेनखाली उभा राहून पाळीभर इशारे करताना हात गरजेपेक्षा जरा जास्तच वर करत राहिला. यार्डातल्यांनी पाहिलं पाहिजे ना!

लग्नाच्या दिवशी सकाळी सहाचा भोंगा झाला तेव्हा याच्या घड्याळात सहा वाजून चौदा मिनिटं झाली होती. आता कुणालाही शंका आली असती. यानं काय म्हणावं?

"आज भोंगेवाला झोपला वाटते."

असा शहाणा!

मांडवाच्या कोपऱ्यात कवडूबुवा पहाटेपासून घंगाळासमोर बसला होता. दहा सदतीस म्हणजे त्याच्या हिशोबानं सूर्योदयापासून बरोबर तेरा घटका. चहासुद्धा त्यानं तिथंच घेतला. वऱ्हाडी आले, बँड वाजला, मुलाला पारावर बसवलं, सगळं रीतसर चाललं होतं. दहाच्या सुमाराला देवाजीनं घड्याळ पाहिलं, मग पाटावरच्या रेघा मोजल्या, परत मोजल्या. रेघा अकराच होत्या. बारावी घटका नुकती कुठं पाण्यावर सोडलेली. त्याच्या हिशोबानं ती आता बुडत आलेली असायला हवी होती. म्हणजे म्हाताऱ्याची वाटी अठरा मिनिटं मागं. म्हणजे बुवा 'झाली' म्हणेल तोवर मुहूर्त टळून गेलेला असणार, आणि सत्यभामाबाई जन्मभर पोरीला ऐकवणार.

आता सरळ बोलावं की नाही? बुवा, तुमची वाटी मागं पडली, एवढंच म्हणायचं होतं. पण मग म्हातारा वाद घालणार, चार माणसं जमणार. किंवा गुलाबरावांना वेळ विचारावी, त्यांच्या खिशात रेल्वेचं घड्याळ होतंच. पण मुलीकडच्यानं मुलाकडच्याला वेळ विचारायची? आणि तीही आपल्या मनगटाला नवंकोरं घड्याळ असताना? देवाजीला ते जमलं नाही.

तेवढ्यात बुवाच म्हणाला, "देवाजी, इकडं ये गा. चार तासापासून उठलो नाही मी. जरा बाजूले जाऊन येतो. तू बसजो इथी. नजर हलवू नोको."

"मी? दुसऱ्या कोनाले बसवा ना."

"दुसऱ्यावर कसं सोडू? तू पोरीचा मामा होय."

बुवा काठी टेकत मांडवामागं गेला. देवाजी घंगाळासमोर बसला. वाटी पाण्यावर निवांत डुलत होती, तिच्यात बोटभरही पाणी नव्हतं. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. बायका मुंडावळ्यांत गुंतल्या होत्या, पुरुष बँडवाल्याशी हुज्जत घालत होते. देवाजीनं वाटीच्या काठावर एक बोट ठेवलं आणि दाबलं. एक बुडबुडा आला आणि वाटी तळाशी बसली. ओलं बोट धोतराला पुसून त्यानं कुंकवाची बारावी रेघ ओढली.

बुवा आला. त्यानं पाटाकडं पाहिलं, घंगाळाकडं पाहिलं.

"बुडली?"

"हव. आताच बुडली."

म्हातारा क्षणभर देवाजीच्या तोंडाकडं पाहत राहिला. मग त्यानं वाटी काढली, पुसली आणि तेराव्या घटकेला पाण्यावर सोडली. देवाजी उठला तेव्हा त्याला वाटत होतं की आपण पोरीचं कल्याण केलं आणि म्हाताऱ्याचीही लाज राखली. खरंच वाटत होतं हो, त्यात लबाडी नव्हती.

तेरावी घटका बुडाली, बुवानं हात वर केला, भटजींनी शेवटचं मंगलाष्टक संपवलं, अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या. देवाजीच्या घड्याळात बरोबर दहा सदतीस. मिनिटाचाही फरक नाही. आनंदानं त्याचा ऊर भरून आला. आणि तिकडं गुलाबरावांनी सवयीनं खिशातलं घड्याळ काढलं, पाहिलं, कानाला लावलं, परत पाहिलं.

"इवाई," ते हळूच देवाजीला म्हणाले, "दहा एकोणीस झाले हायेत आत्ता."

देवाजीला पहिल्यांदा वाटलं की त्यांचंच घड्याळ मागं असेल. पण ज्या घड्याळावर गार्ड गाडी सोडतो ते अठरा मिनिटं मागं कसं असेल? आणि मग त्याला सकाळचा भोंगा आठवला. त्यानं सदऱ्याची बाही खाली ओढून घड्याळ झाकलं.

गोष्ट मांडवभर व्हायला किती वेळ लागतो? सत्यभामाबाई मधोमध येऊन उभ्या राहिल्या. "मी येकच गोष्ट मांगितली होती," त्या म्हणाल्या. "येकच. कोनी केलं हे?"

सगळ्यांचे डोळे घंगाळाकडं वळले. दुसरीकडं कुठं वळणार? देवाजीनं तोंड उघडलं होतं, हे मात्र खरं. पण त्याच्या आधी कवडूबुवा उठून उभा राहिला.

"माह्याकडून चूक झाली बाई," तो म्हणाला. "मतारा झालो. मोजता मोजता येक घटका भराच्या आधीच धरली. मुलीकडच्याइचा याच्यात काही दोष नाही, मी बाहेरचा मानूस."

भटजी म्हणाले, मुहूर्त अजून यायचा आहे, काही बिघडलं नाही, पुन्हा अंतरपाट धरू. अठरा मिनिटं सगळा मांडव गुलाबरावांच्या घड्याळाकडं पाहत बसला, आणि दहा सदतीसला लग्न दुसऱ्यांदा लागलं. वच्छलाचं काही वाईट झालं नाही. त्या अठरा मिनिटांत मात्र कवडूबुवाला जो तो बोलून घेत होता. गावच्याच माणसांनी त्याला वेडा म्हटलं, आंधळा म्हटलं. जेवायला बसताना त्याला पहिलं पान कुणी मांडलं नाही. म्हातारा शेवटच्या पंगतीला बसला आणि भात तसाच ठेवून उठला. देवाजी वाढप करत त्याच्यासमोरून तीनदा गेला. तिन्ही वेळा मान खाली घालून गेला.

आठवड्यानं दुर्गच्या घड्याळजीनं घड्याळ उघडलं आणि विचारलं, "चुंबकाजवळ काम करता काय? आतली तार चिकटली. मग पुढं पळणारच ते." यंत्राची चूक होती म्हणावं तर तसंही नाही. चुंबकानं आपलं काम केलं होतं, घड्याळानंही बिचाऱ्यानं जमेल तसं केलं होतं. वाटीवर बोट कुणाचं होतं?

गावाकडून कानावर यायचं ते एकेक जास्तच टोचणारं. एका गावानं बुवाला बोलवायचं बंद केलं, मग दुसऱ्यानं. पुढच्या हंगामात शहरातून घड्याळवाला आणायचं ठरलं. शेवटी दिवाळी झाल्यावर देवाजीनं दोन दिवसांची सुट्टी टाकली आणि गाव गाठलं. गाडीत बसून त्यानं शब्द जुळवले होते. आधी बुवाचे पाय धरायचे, मग चार माणसं बोलावून खरं काय ते सांगायचं. कितीही थुंकले तोंडावर तरी चालेल.

कवडूबुवा ओट्यावर अंबाडीची दोरी वळत बसला होता. चार गुंडाळ्या बाजूला पडलेल्या. देवाजीनं पाय धरले आणि जुळवलेले सगळे शब्द विसरला.

"बुवा, बारावी घटका मी बोटानं बुडवली होती."

म्हाताऱ्यानं दोरीचा पीळ सोडला नाही. "मालूम हाय मले."

"कधीपासून?"

"गुलाबरावानं घड्याळ काढलं तवापासून. त्याच्या आधी नाही. मी उठलो तवा वाटीत बोटभरबी पानी नोतं. पन तू म्हनला, बुडली. मले वाटलं, पोरीचा मामा कायले खोटं बोलन? माह्याच डोळ्याले भूल पडली असन. मी माह्या डोळ्याले खोटं पाडलं अन् तुले खरं धरलं."

देवाजी रडायला लागला. "मंग सगळ्याइसमोर कावून नाही सांगितलं?"

"कोनाचं नाव सांगू? तुह्यं? मामानंच लगन नासवलं म्हून त्या बाईनं पोरीले जल्मभर टोचलं असतं. माह्या नावानं बोटं मोडली तं पोरीले त्याचं काही लागत नाही."

"मी आज सांगतो गावात. आताच मानसं बलावतो."

"नोको." बुवानं पहिल्यांदा हातातली दोरी खाली ठेवली. "वच्छलाले दिवस गेले म्हनते. इथली गोष्ट चार दिवसात दुर्गले पोचते. तू मोकळा होशीन, अन् सासू तिच्यावर बसन. तुले बोलाचं होतं तं मांडवात बोलाचं होतं. आता चूप राय."

समोरून दोन माणसं बैल घेऊन चालली होती. त्यातला एक थांबून म्हणाला, "का बुवा, आमच्या घरच्या लग्नाले तिरोड्याचा घड्याळवाला येऊन राहिला बरं. तुमी आपले जेवाले या."

"येतो ना गा," कवडूबुवा हसून म्हणाला. "आता तं मले काही कामच नाही."

माणसं हसत पुढं गेली. बुवानं परत दोरी हातात घेतली. देवाजी तसाच पायाशी बसून राहिला. चूप राय म्हटलं त्या क्षणी त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. आता गावासमोर उभं राहायला नको, आता कुणी आपल्या तोंडावर थुंकणार नाही, असं वाटून त्याला बरं वाटलं होतं. अगदी खरोखर बरं वाटलं होतं, आणि म्हातारा समोर बसून ते पाहत होता.