माळकऱ्याच्या घरातलं म्हावरं

माझ्या हातातली वाटी येसूबाईनं हिसकली नि अंगणात पालथी केली. तिसऱ्यांचं कालवण होतं. आषाढातला पाऊस नुसता कोसळत होता, रस्सा घडीभरात चिखलात गेला आणि शिंपले तेवढे पांढरेफटक उघडे पडले.

"सुचिता, माज्या उंबऱ्याच्या आत म्हावरं आनायचं न्हाय! नऊ वर्सं झाली, तुला म्हाईत न्हाय व्हय?"

"म्हाईत हाय गो वयनी. पन ह्ये तुज्यासाठी न्हाय, सोनलसाठी हाय. डाक्टरीण काय बोलली ती इसरलीस?"

"डाक्टरनीच्या घरात माळकरी न्हाय!"

सोनल तिची सून. सातवा सरून आठवा लागलेला. ती ओटीवर खांबाला टेकून बसली होती. आमच्या भांडणाकडे तिचं ध्यान नव्हतं. एक कोंबडी येऊन शिंपल्यांत चोच मारायला लागली, आणि पोरगी त्या कोंबडीकडे बघत राहिली. असं बघणं मी बाईमाणसाच्या डोळ्यांत कधी बघितलं नव्हतं.

मी रिकामी वाटी उचलून घरी आले. आमची भिंतीला भिंत. राग आला होता, पण येसूवयनीला बोल लावायला जीभ वळेना, कारण तिच्या नकारामागं काय होतं ते मला ठाऊक होतं.

आमचं गाव तळा या तालुक्याच्या गावाहून खाली, खाडीच्या अंगाला. पावसात भात लावायचं नि ओहोटी लागली की चिखलात उतरायचं, हीच आमची रीत. इथलं पोर आईच्या दुधावरनं उठतं ते जवळ्याच्या भाकरीवर बसतं. नामदादा, म्हणजे येसूबाईचा नवरा, तर म्हावऱ्याशिवाय घास उचलायचा नाही. आणि म्हावरं आलं की दारू आली. खाडीच्या तोंडाला तिवरांच्या झाडीत चंदरचं खोपटं आहे. चंदर चिंबोऱ्या धरतो नि हातभट्टीची विकतो. नामदादा तिथंच पडलेला असायचा. एकदा घरात कालवण नव्हतं म्हणून त्यानं बसायचा पाट भिरकावला तो वयनीच्या मनगटावर. हाड वाकडंच बसलं. त्यानंतर कुणी भल्या माणसानं त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घातली. त्या दिवसापासून दोन्ही सुटलं. घरात सुकटीचा तुकडा नाही की दारूचा थेंब नाही.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. वयनी देवाला भीत नव्हती. ती नवऱ्याला भीत होती.

सोनल आगरदांड्याकडची, खाडीकाठची लेक. सासरी आली नि तीन वर्षं डाळभातावर काढली, कधी हूं की चूं नाही. तिचा नवरा स्वराज पनवेलला गाडीवर, पंधरा दिवसांनी घरी येणारा. लावणी चालू असताना ती बांधावर चक्कर येऊन पडली, तेव्हा मी नि वयनी तिला तळ्याला घेऊन गेलो होतो. डॉक्टरीण कोवळी पोरगीच होती. कागद बघून तिचं तोंड उतरलं.

"रक्त सहाच्या जरा वर आहे. अकरा तरी हवं. गोळ्या उलटून पडतात, तर मी सलाईनमधून लोह देते. पण एवढ्यावर भागायचं नाही. अंडी, मासे, कलेजी काय मिळेल ते रोज खाऊ दे."

"आमच्या घरात चालत न्हाय," वयनी म्हणाली.

"मग नाचणी, पाला, कडधान्य भरपूर द्या. त्यानंही वाढतं, पण सावकाश. आणि दिवस थोडे राहिलेत. बाळंतपणात रक्त गेलं तर हिच्या अंगात घालवायला काही उरलेलं नाही, आजी."

परतताना एसटीत वयनीनं माझा हात दाबला. "ह्यातलं काय बी ह्यांच्या कानावर घालू नको. मी सांगेन, अशक्तपना हाय म्हनून."

वाटी पालथी झाली त्याच्या चौथ्या दिवशी मी गोठ्यामागं शेणी काढायला गेले, तर सोनल भिंतीकडे तोंड करून उभी. मला वाटलं रडते. जवळ गेले तर नखानं भिंतीची ओली माती खरवडून तोंडात घालत होती. ओठ तांबडे झालेले.

"सोनल! काय करतंस गो?"

ती दचकली. "काकू, आईंना सांगू नका. मना ऱ्हावत न्हाय. मातीचा वास आला की जीव जातोय."

मी सरळ वयनीपुढं जाऊन उभी राहिले. "तुजी सून भित खाते. पोटुशी बाई माती खाते तुज्या घरात!"

वयनी चुलीपुढं मटकन बसली. मग म्हणाली, "मना म्हाईत हाय. मी बघितलंय दोनदा. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, काय करू सुचिता? वास नाकात गेला की ह्यो मानूस पुन्यांदा चंदरकडं जाईल. ह्या येळेला पाट कुनाच्या अंगावर पडंल? पोटुशीच्या?"

"माज्या घरात खाऊ दे तिला. म्हातारा शेतावर असतो तवा."

दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळेला वयनी स्वतः चंदरच्या खोपटावर गेली. ज्या दारातनं तिनं नवऱ्याला ओढून आणलं होतं, त्याच दारातनं चार चिंबोऱ्या पदराखाली घेऊन आली. माझ्या चुलीवर मी नांग्या ठेचून वाटण घातलं. सोनलला ताट वाढलं तर ती नुसती बघतच बसली.

"येवढं? समदं मीच खाऊ?"

"तूच खा. दोन जिवांचं हाय."

तिनं खाल्लं. कवच चावून चावून, डोळ्यांतनं पाणी काढत खाल्लं. वयनी दारात नाकाला पदर लावून राखण करत होती.

असे बारा-तेरा दिवस गेले. कधी चिंबोरी, कधी अंडी, कधी बाजारातनं कलेजी. तळ्याला सुयाही चालू होत्या. पोरीच्या ओठांवर जरा रंग दिसायला लागला. मग एका दुपारी गावातल्या आशा सेविकेनं, नेत्रानं, बांधावरनं जाता जाता नामदादाला विचारलं, "सून खातेय का म्हावरं? रक्त फार कमी आहे हो तिचं." बिचारीला काय माहीत, की त्याला काहीच माहीत नाही.

तो तसाच वासाच्या मागावर माझ्या दारात आला. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर प्लास्टिकची खोळ. सोनल माझ्या स्वयंपाकघरात ताटावर बसलेली. ती उठायला गेली तर तोल जाऊन पुन्हा बसली. वयनी आडवी आली, दोन्ही हात पसरून.

"तिला हात लावू नका! मारायचं तर मना मारा!"

नामदादा जागच्या जागी थिजला.

"मना सांगलं का न्हाय?"

"भ्या वाटलं."

"नऊ वर्सं झाली, येसू."

"व्हय. नऊ वर्सं रोजच भ्या वाटतंय."

चुलीवर कालवण रटरटत होतं. वास घरभर झालेला. मी बघितलं, त्याच्या कपाळावर घाम आला होता. त्यानं गळ्यातली माळ मुठीत धरली.

"खोटं बोलत न्हाय," तो म्हणाला. "वास आला आन तोंडाला पानी सुटलं. त्याच्या मागोमाग दुसरंबी आठवलं. तुजं भ्या खोटं न्हाय. पन माजी सून चोरून शेजारी जेवनार न्हाय. शिजव आपल्या चुलीवर. मी ऱ्हातो शेतातल्या खोपीत. ती मोकळी होईस्तोवर घरात येनार न्हाय."

सांजेच्या आत तांदूळ, डाळ नि एक टोप घेऊन तो गेला. खोपी गळकी होती. वरनं पाऊस, खालनं खारा वारा. वयनी रोज बांधापर्यंत जाऊन लांबून त्याची चूल पेटली का ते बघायची.

श्रावण लागला. गावातल्या चुली सोवळ्या झाल्या, पण माळकऱ्याच्या घरातनं चिंबोरीचा वास येत राहिला. बाया पाणवठ्यावर नाकं मुरडायच्या.

दुसऱ्या सोमवारी सकाळीच सोनलला कळा सुरू झाल्या, महिनाभर आधी. पहिल्या दवाखान्यानं पुढं पाठवलं. गाडीत तिच्या अंगाखालचं लुगडं भिजत होतं नि मी तिचे गार पाय चोळत होते. मोठ्या हॉस्पिटलात दोन बाटल्या रक्त चढवलं. मुलगी झाली. घटकाभर कण्हली नि गेली.

तिथला डॉक्टर म्हणाला, "हिचं रक्त आठावर आलं होतं म्हणून ही तरी हाताला लागली."

स्वराजनं लेकीला हातांवर आणली. खाडीकाठी खड्डा नामदादानंच खणला. माती सारली नि तसाच खोपीत गेला. चार दिवस राहून स्वराजही कामावर परतला.

गावाची तोंडं मोकळी सुटली. माळकऱ्याच्या घरात श्रावणात जीव शिजवला, दुसरं काय व्हायचं? आणि वयनीनं ते खरं मानलं. तिनं घर शेणानं सारवून काढलं, म्हावऱ्याची भांडी माझ्या पडवीत आणून टाकली. बाळंतिणीपुढं नुसती पेज नि मीठ. मी अंडी उकडून नेली तर सोनलनंच तोंड फिरवलं.

"काकू, पोटातल्या जिवासाठी खात होते. आता कुनासाठी खाऊ?"

मी अंडी पदराआड तशीच परत आणली.

आठव्या दिवशी नामदादा तांदूळ न्यायला आला. उंबऱ्याबाहेर उभा राहिला. सोनल आत भिंतीला टेकून होती. तिच्या ओठांना तांबडी माती लागलेली, हनुवटीवर ओघळलेली. तो किती वेळ बघत होता कोण जाणे. तांदूळ न घेताच वळला आणि तिवरांची वाट धरली.

"सुचिता! गेले गो! चंदरकडं गेले!" वयनी अंगणात ओरडली. चिखलातनं धावायला लागली, दोनदा घसरून पडली. मी तिला बांधावर गाठलं. पुढं जायचं तिच्या अंगात बळ नव्हतं. पाऊस अंगावर घेत आम्ही दोघी तिथंच बसून राहिलो. भरती चढत होती. "मीच धाडलं," ती एवढंच पुटपुटत होती. "म्हावरं घरात आनून मीच धाडलं."

कितीतरी वेळानं तो तिवरांतनं बाहेर आला. पाय चिखलात रुतत होते, त्यामुळे प्यायलाय का ते चालीवरनं कळेना. हातात दोरीला बांधलेल्या चार चिंबोऱ्या, जित्या, नांग्या हलवणाऱ्या. गळ्यात माळ तशीच.

वयनी उठली. सरळ त्याच्यापुढं गेली, टाचा उंचावल्या नि त्याच्या तोंडाशी नाक नेलं. भर दिवसा, माझ्यादेखत, निंदणीवरनं घरी चाललेल्या बायांच्यादेखत. नामदादा हलला नाही. तोंड उघडून उभा राहिला.

"न्हाय प्यालो," तो म्हणाला. "चंदरनं पेला पुढं केला होता. हातबी गेला होता माजा. पन आज न्हाय प्यालो."

वयनीचं अंग हुंदक्यांनी हलायला लागलं.

"ह्या चिंबोऱ्यांचा जीव मी घेतोय, पाप माजं. सोनलला सांग, पोरासाठी न्हाय, तुज्यासाठी खा म्हनावं. सासऱ्यानं आनलंय." त्यानं दोरी तिच्या हातात दिली. "महिनाभर तरी लागंल तिला. रोज मीच जाईन. तू रोज हितं उभी ऱ्हा आन हुंग."

वयनीनं चिंबोऱ्या पदरात घेतल्या. तो खोपीकडे वळला. संध्याकाळी सोनलनं एक नांगी खाल्ली, बाकीचं ताट सरकवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी भरतीच्या आधी वयनी बांधावर जाऊन उभी राहिली.