वहिनींचा हात आणि तिसरी खिडकी

मशीनरूममध्ये आठ माणसं कशीबशी मावतात. त्या दिवशी आम्ही वीसजण होतो. परिचारिका, तंत्रज्ञ, शिपाई, रक्तपेढीचे प्रमुख असलेले मोठे डॉक्टर, सगळे माना उंचावून एका बाईंच्या डाव्या हाताकडे बघत होते. तो हात तांब्याच्या पट्टीवर होता आणि पट्टी मुख्य संगणकाला टेकवलेली होती.

"डोळे मिटा," बाहेरून बोलावलेले कंपन-सल्लागार म्हणाले. "श्वास सोडा. आता पिशवीही सोडा."

बाईंनी उजव्या हातानं बटण दाबलं. पडद्यावर शब्द उमटला : मोकळी. सल्लागारांनी नोंद बंद करून पुन्हा उघडली. शब्द तोच होता.

"राहिली! मोकळीच राहिली!" कुणीतरी ओरडलं आणि टाळ्या पडल्या.

बाईंना सगळे वहिनी म्हणायचे. कुणाच्या वहिनी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बावीस वर्षं त्या रक्तपेढीच्या खिडकीवर बसत होत्या. ऑपरेशन रद्द झालं, की त्या रुग्णासाठी राखून ठेवलेली रक्ताची पिशवी संगणकावर मोकळी करायची, म्हणजे ती दुसऱ्याला देता येते, हे त्यांचं काम. सहा महिन्यांपासून, तिसरी खिडकी उघडून त्या तिथं बसू लागल्यापासून, त्यांनी मोकळी केलेली प्रत्येक पिशवी थोड्या वेळानं पुन्हा राखीव दिसू लागायची. गेल्या आठवड्यात दुर्मीळ गटाची एक पिशवी घरी गेलेल्या रुग्णाच्या नावावर अडकून मुदतबाह्य झाली, आणि त्याच गटाच्या एका बाईचं ऑपरेशन पुढं ढकलावं लागलं. जवळजवळ सगळ्या नोंदींवर नाव एकच : वहिनी.

"यंत्राला मन नसतं, मान्य," सल्लागार गर्दीला सांगत होते. त्यांचा कोट कडक इस्त्रीचा, आवाज मऊ. "पण स्मृती असते ना? तुम्हीच मेमरी म्हणता! स्मृती आली, की संस्कार आले. संस्कार आले, की आवडनिवड आली. या ताईंच्या हाताची कंपनं यंत्राला सोसत नाहीत. इथं माझी पट्टी मध्ये होती, म्हणून त्यानं ऐकलं."

"मग उपाय?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"सोमवारपासून यांना यंत्राजवळ बसवू नका. खिडकीचं शुद्धीकरण मी करीन."

मी भौतिकशास्त्र शिकले, मग प्रोग्रॅमिंगकडे वळले आणि चार महिन्यांपूर्वी इथल्या संगणक विभागात लागले. मला हसू यायला हवं होतं. पण पिशवी खरंच मोकळी राहिली होती. ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. हसून ते खोटं होत नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत वहिनी डबा न उघडता बसल्या होत्या, दोन्ही हात पदराखाली.

"खरं सांग गं," त्या म्हणाल्या, "माझ्या हाताला काही आहे का? मी मोकळी करते, पडद्यावर मोकळी दिसते, शपथेवर सांगते. कुणाला पटत नाही. काल नातवाला दूध पाजताना वाटलं, नकोच हात लावायला."

"वहिनी, या खिडकीवर दुसरं कुणी बसलंय कधी?"

"मी रजेवर होते तेव्हा बसली होती ना ती नवीन मुलगी. तीन दिवस."

मी त्या तीन दिवसांच्या नोंदी काढल्या. त्या मुलीनं दोन पिशव्या मोकळ्या केल्या होत्या. दोन्ही परत राखीव! मी धावत जाऊन सल्लागारांना हे सांगितलं.

"अर्थातच," ते शांतपणे म्हणाले. "खुर्चीत ताईंची कंपनं उरतात."

"आणि त्या मुलीच्या हातून पिशवी मोकळी राहिली असती तर?"

"तर तिचा हात शुद्ध, हे सिद्ध झालं असतं."

चित भी मेरी, पट भी मेरी! असं उत्तर कधीच चुकत नाही, म्हणूनच ते कामाचं नसतं. माझा संशय तिथं पक्का झाला. दुसरी गोष्टही खटकली. हे गृहस्थ चमत्कार फक्त मशीनरूममध्ये करत होते. तिसऱ्या खिडकीवर का नाही? त्यांचं म्हणणं, "तिथलं वातावरण दूषित आहे." बरं.

मशीनरूम सांभाळणाऱ्या काकांना मी विचारलं, "सल्लागार पहिल्या दिवशी आले तेव्हा काय म्हणाले?"

"काही नाही गं. एवढंच विचारलं, कुठली खिडकी कुठल्या मशीनवर चालते? मी सांगितलं. पहिली आणि दुसरी थेट मुख्य मशीनवर. तिसरी नव्या इमारतीत, तिचं मशीन वेगळं, मधे तार."

कंपनं ओळखणाऱ्याला तारांची चौकशी कशाला?

मग मी प्रोग्रॅम उघडला. त्यात प्रत्येक पिशवीची एक नोंद असते, आणि त्या नोंदीला 'मोकळी हो' असं सांगणारी एक आज्ञा, जिला आम्ही मेथड म्हणतो. त्या आज्ञेत मी एकच ओळ घातली : तू आत्ता कुठल्या मशीनवर चालते आहेस, ते छापून दे. मी चाचणीसाठी एक खोटी पिशवी नोंदवली आणि वहिनींनी ती आपल्या खिडकीवरून मोकळी केली. छापून आलं : खिडकी तीन.

आज्ञा बिनचूक चालली होती. फक्त भलत्याच ठिकाणी, मुख्य मशीनऐवजी खिडकीच्या मशीनवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोठ्या डॉक्टरांना विनंती केली, की हाच प्रयोग उलट करून बघू. वहिनी मशीनरूममध्ये, पट्टीशिवाय. सल्लागार तिसऱ्या खिडकीवर, पट्टीसकट. दोघांना चार-चार चाचणीच्या पिशव्या.

"श्रद्धेची परीक्षा घेत नसतात," सल्लागार म्हणाले.

"परीक्षा मशीनची आहे," मोठे डॉक्टर म्हणाले. "बसा."

वहिनींनी चारही पिशव्या मोकळ्या केल्या. पुन्हा उघडून पाहिल्या, चारही मोकळ्या. सल्लागारांनी खिडकीवर पट्टी लावली, डोळे मिटले, श्वास सोडला. पडद्यावर चार वेळा 'मोकळी' आलं. मी नोंदी बंद करून पुन्हा उघडल्या. राखीव, राखीव, राखीव, राखीव.

"साहेबांच्या हातालाही दोष दिसतोय," मागून शिपाई म्हणाला.

हशा ओसरल्यावर मी कागद घेतला. "समजा, तुम्ही दूरच्या कचेरीतून एक अर्ज मागवलात. त्यांनी झेरॉक्स पाठवली. तुम्ही झेरॉक्सवर 'रद्द' लिहून सही ठोकलीत. समोरच्या कागदावर रद्द दिसतंय. मूळ अर्ज तिकडं कपाटात जसाच्या तसा. तिसरी खिडकी मुख्य मशीनकडं नोंद मागते, तेव्हा तारेवरून येते ती नक्कल. वहिनी नकलेवर 'मोकळी' लिहितात, पडदा नक्कल दाखवतो, आणि नोंद बंद केली की नक्कल कचऱ्यात. मुख्य मशीनवर बसलं, की नक्कल बनतच नाही, अस्सल नोंदच हातात येते. पट्टी ठेवा, नाहीतर पोळपाट ठेवा."

"मग राखीव करताना का अडत नाही?" एका तंत्रज्ञानं विचारलं. प्रश्न चांगला होता.

"ती आज्ञा मुख्य मशीनलाच निरोप पाठवते. मोकळं करण्याची आज्ञा नंतर लिहिली, घाईत. तिलाही तसंच करायचं : नोंद मागवू नका, निरोप पाठवा."

"कुणी लिहिली?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"आमच्या विभागानं."

हे म्हणताना माझी मान खाली गेली. मी इथं आले त्या आठवड्यात मलाही कुणीतरी सांगितलं होतं, तिसऱ्या खिडकीकडं लक्ष देऊ नकोस, ते वहिनींचं आहे. मी लक्ष दिलं नव्हतं. सल्लागारांना दोष शोधावा लागला नाही. आम्ही तो आधीच एका बाईच्या हातात ठेवून दिला होता.

सल्लागार कोट झटकत उठले. "शेवटी मी म्हटलं तेच झालं. दोष खिडकीचाच होता."

"तारांची चौकशी केलीत तेव्हाच तुम्हाला कळलं होतं," काका म्हणाले. "मग काल सगळ्यांसमोर आमच्या वहिनींना डोळे का मिटायला लावलेत?"

सल्लागारांनी पट्टी उचलली. दार वाजलं.

दुपारपर्यंत आम्ही आज्ञा बदलली. वहिनींनी तिसऱ्या खिडकीवर बसून अडकलेल्या अकरा पिशव्या मोकळ्या केल्या, प्रत्येक दोनदा उघडून बघितली. त्यातली एक त्याच दुर्मीळ गटाची होती, मुदतीतली. ऑपरेशनची नवी तारीख उद्याची ठरली.

मोठे डॉक्टर खिडकीशी आले. "वहिनी, माफ करा."

"माफी असू द्या, साहेब. लेखी द्या. चूक प्रोग्रॅमची होती, हाताची नव्हती, असं. आणि टाळ्या वाजवायला जे जे आले होते, त्यांना वाचून दाखवा."

त्यांनी तिथंच लिहून दिलं आणि वाचूनही दाखवलं.

वाचकहो, चमत्कार डोळ्यांसमोर घडला म्हणून त्याचं कारणही सांगणाऱ्याचंच खरं, असं नसतं. कुठं घडला, कुठं घडत नाही, आणि त्या दोन जागांत फरक काय, एवढं विचारा. आणि मशीन कुणा माणसावर रुसलंय असं कुणी म्हणालं, तर त्या माणसाला उठवण्याआधी त्याच्या खुर्चीत स्वतः बसून बघा.