नवव्या पानावर काय लिहिले होते

मित्रांनो, शांतपणे सांगायचे ठरवले होते, पण राग आवरत नाही. मी दवाखान्यातले एक जुने स्टॅम्पपॅड आहे. पत्र्याची डबी, आत जांभळ्या शाईत भिजलेली गादी.

आधी माझे काम चिठ्ठ्यांवरच्या शिक्क्यांपुरते होते. मग एका परदेशी कंपनीचे सांधेदुखीवरचे नवे औषध इथल्या माणसांवर तपासायचे ठरले आणि मला संमतीपत्रांच्या टेबलावर नेले. बावीस पानांचे संमतीपत्र, तेही परक्या भाषेत. कंपनीचे पाहुणे अंगठ्यांचे ठसे पाहून म्हणाले, "काम अगदी चोख!" मीही तेव्हा फुशारले. आज त्याची लाज वाटते.

एके सकाळी शिवणकाम करणाऱ्या मावशी आल्या. मशीन चालवून त्यांचे गुडघे गेले होते.

"मला सही येते हो. पण हे लिहिलंय काय?"

"गुडघ्यांचंच औषध आहे, मावशी. अंगठा द्या, पटकन होतं. बाहेर रांग लागलीय," डॉक्टर म्हणाले.

सिस्टरने सुयांनी खरखरीत झालेला तो अंगठा धरून माझ्यावर दाबला.

दीड महिन्याने मावशी भिंत चाचपत आल्या. "सुई ओवता येईना. औषध बंद करा."

"मधेच सोडता येत नाही. तुम्ही कबूल केलंय!" डॉक्टरांनी ठशाचा कागद त्यांच्यापुढे नाचवला आणि ते निघून गेले.

साफ खोटे! केव्हाही सोडता येईल, असे त्याच कागदावर छापले होते. सिस्टरला ती भाषा येत होती. तिने नववे पान काढून मावशींना अर्थ सांगितला. या औषधाने नजर जाऊ शकते, असे तिथे लिहिले होते. मग ती मावशींजवळ बसली.

"मी तुमचा अंगठा धरला, मावशी. वाचून मात्र दाखवलं नाही."

"मग आता वरच्यांसमोर वाच. मोठ्यानं."

संशोधनावर देखरेख करणाऱ्या समितीपुढे सिस्टरने ते वाचले. डॉक्टर म्हणाले, "पण ठसा आहे ना?"

मावशी कडाडल्या, "अंगठा माझाच आहे. पण कशाला हो म्हटलं, ते मला कुणी सांगितलं होतं?"

प्रयोग त्याच दिवशी थांबला. डॉक्टरांचे संशोधन बंद झाले. मावशींचा उजवा डोळा सुधारला, डावा गेला तो गेलाच. कंपनीने खेद व्यक्त करणारे पत्र धाडले. तेसुद्धा परक्या भाषेत!

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या डॉक्टर होईल, कुणी संशोधक. समोरच्या माणसाला त्याच्या भाषेत सगळे सांगा. तो 'नाही' म्हणाला, तर त्याला सुखाने उठून जाऊ द्या. एवढे जमणार नसेल, तर माझे झाकण उघडू नका.