आत्यावरचं आभाळ

गडचिरोलीच्या दीपाली मडावीने संगणकात जमिनीपासून आयनांबरापर्यंतचं, म्हणजे हवेच्या वरच्या विद्युतभारित थरापर्यंतचं, वातावरण उभं केलं होतं. एका सकाळी त्यात दिसलं, की दुपारी तिच्या गावावर विजा पडणार.

"गावात कळवू का, सर?" तिने मार्गदर्शकांना विचारलं.

"हे संशोधन आहे. अफवा नको."

ती गप्प बसली. त्या दुपारी जंगलात तेंदूपत्ता तोडताना तिची आत्या कलाबाई वीज पडून वारली.

आत्याची माती करून ती परतल्यावर सरांनी तिला आलेख दाखवला. "त्या विजेचा परिणाम थेट आयनांबरात! सुंदर निकाल!"

"खाली माझी आत्या होती!" दीपाली किंचाळली. आजही संगणकात गावावर दुपारच्या विजा दिसत होत्या. तिने सरांसमोरच गावात फोन लावला. "लच्छूभाऊ, सगळ्यांले जंगलातून घरी आणा. आत्ताच!"

दुपारी जंगलात वीज पडली, पण सारे वाचले. राग मात्र उतरला नाही. सरांपेक्षा तो स्वतःच्या गप्प बसण्यावर जास्त होता.